टाक, दौत आणि कोट्या: शंभर वर्षांपूर्वीच्या हायस्कुलातल्या हशाची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शाळकरी आठवणी वाचताना एक अडचण हमखास येते. सांगणारा पोट धरून हसतो आणि वाचणारा कोरडाच राहतो. ‘इंग्रजी पाचवी’तल्या मुलाला मिसरूड फुटलेले असते, एखाद्याचे लग्नही उरकलेले असते. बरोबर उत्तर देणारा मुलगा उठून भलत्याच जागी जाऊन बसतो. ‘राम’ शब्द चालवता चालवता वर्गात खसखस पिकते, आणि का ते कळत नाही. त्या हशाचे श्रेय मास्तरांच्या विक्षिप्तपणाला देण्याची पद्धत आहे. खरे तर त्यातला बराचसा भाग इयत्तांच्या रचनेतून, पुस्तकांतून आणि परीक्षेतून आपोआप निपजलेला होता.

आधी इयत्ता. मुंबई इलाख्यात मूल मराठी शाळेत चार यत्ता करी आणि मग हायस्कुलात ‘इंग्रजी पहिली’त जाई. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. म्हणजे इंग्रजी पाचवी ही एकूण नववी झाली. त्यातही कित्येक मुले मराठी सहावी-सातवीपर्यंत जाऊन, व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी शाळेची शेवटची परीक्षा देऊन मग इंग्रजीकडे वळत. प्लेगने वर्षे खाल्ली ती वेगळीच. १८९६ साली मुंबईत आणि लगोलग पुण्यात आलेला प्लेग पुढे कितीतरी वर्षे येत-जात राहिला. गावे ओस पडत, माणसे गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात आणि शाळा बंद पडत. त्यामुळे एकाच बाकावर अकरा वर्षांचा पोरगा आणि सोळा वर्षांचा बाप्या शेजारी बसणे ही काही अपूर्वाई नव्हती. थोरल्याने धाकट्याकडून गणिते करून घ्यायची आणि मोबदल्यात त्याला मारामारीतून वाचवायचे, हा व्यवहार याच रचनेतला.

या साऱ्याचे मूळ १८५४च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रात आहे. त्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. १८८२च्या हंटर कमिशनने खासगी संस्थांना आणखी पुढे केले. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल त्याआधीच, २ जानेवारी १८८० रोजी, चिपळूणकर आणि टिळकांनी सुरू केले होते. मुलींसाठी पुण्यात हुजूरपागा १८८४ साली निघाली. १९०० उजाडेपर्यंत जिल्ह्याच्या गावी एक सरकारी हायस्कूल आणि त्याच्याशी ईर्ष्या करणारी एखादी खासगी शाळा, असे चित्र बऱ्याच ठिकाणी तयार झाले होते. ‘त्या’ शाळेची नक्कल करणे हा विनोदाचा कायमचा कच्चा माल होता.

पण खरी खाण भाषेची. वरच्या यत्तांत इतिहास, भूगोल, गणित सगळे इंग्रजीतून चाले. मास्तर मराठी, मुले मराठी आणि मधला कारभार परक्या भाषेत. खालच्या यत्तांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मुले तयार होत. पद्धत ठरलेली होती: आधी शब्द पाठ, मग नियम, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी. शब्दाला शब्द ठेवला की काम भागते, असा समज या पद्धतीत आपसूक रुजे. साध्या वाक्यांत तो खपून जाई. क्रियापद लाक्षणिक आले की फसगत झालीच.

नमुन्यादाखल पाहा. ‘त्याला थंडी वाजते’ याचे ‘कोल्ड इज रिंगिंग टु हिम’. वाजणे म्हणजे ‘रिंग’, हे पाठ केलेले. मुलाचे कुठे चुकले? ‘शाळा सुटली’चे ‘द स्कूल एस्केप्ड’. ‘माझा डोळा लागला’चे ‘माय आय वॉज अटॅच्ड’. ‘त्याने मार खाल्ला’ या वाक्यात मार हे कर्म, खाल्ला हे क्रियापद. तेव्हा ‘ही एट अ बीटिंग’ व्याकरणाने अगदी निर्दोष. हशा पिके तो याच जागी. आणि ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की तो हशा समजायला दोन्ही भाषा बऱ्यापैकी याव्या लागत. इंग्रजी पहिलीतला मुलगा हे वाक्य गंभीरपणे लिही, तिसरीतला मुद्दाम लिही आणि पाचवीतला ते धाकट्याच्या वहीत गुपचूप घुसवी.

संस्कृतच्या तासाला हा घोळ तिहेरी होई. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची संस्कृतची दोन पुस्तके १८६०च्या दशकात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यांतले व्याकरण इंग्रजीतून समजावलेले. म्हणजे घरी आजोबा संध्या म्हणताना ऐकलेली भाषा मुलगा शाळेत इंग्रजीच्या खिडकीतून शिके आणि मनात मराठी करी. त्यात रूपे घोकायची. आठ विभक्त्या, तीन वचने, एका शब्दाची चोवीस रूपे. चाल लावून, एका सुरात, सगळ्या वर्गाने. एकदा ताल बसला की त्यात कुठलाही अकारान्त पुल्लिंगी शब्द बसवता येतो, आणि मास्तरांचे टोपणनाव अकारान्त निघाले की मग काय विचारता! ‘बेडूकः बेडूकौ बेडूकाः’ इथून सुरुवात होऊन ‘बेडूकेन बेडूकाभ्याम् बेडूकैः’पर्यंत गाडी जाई. रूपे सगळी बिनचूक असत, त्यामुळे शिक्षा कशाबद्दल करायची हा मास्तरांपुढे पेच. मराठीत कोटी करण्याची जी हौस त्या पिढीत दिसते, तिची तालीम या घोकंपट्टीत झाली असावी असे मला वाटते. श्लेष आणि संधी सोडवता येणाऱ्याला शब्द कुठेही तोडून जोडता येतो.

या विषयाला मानही मोठा होता. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२ साली, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या चिंतामण द्वारकानाथ देशमुखांनी मॅट्रिकला पहिला नंबर काढून तीही पटकावली. पण दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेणे प्रत्येकाच्या हाती नव्हते. भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारले गेले, त्यांनी फारसी घेतली आणि १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले.

भूमितीत विनोद कमी, भीती जास्त. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले पाचवे प्रमेय ‘गाढवांचा पूल’ म्हणून बदनाम. समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात, एवढेच सिद्ध करायचे. पण त्यासाठी बाजू खाली वाढवायच्या, आणखी दोन रेषा जोडायच्या आणि एकात एक अडकलेले त्रिकोण वेगळे ओळखायचे. पाठ करणारा मुलगा अक्षरांच्या आधाराने पुढे सरके. मास्तरांनी ए, बी, सी पुसून पी, क्यू, आर लिहिले किंवा त्रिकोणाचे टोक खाली केले की गाडी रुतली. अंकगणितात तितकी दैना नसे, कारण पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळेतच हाडीमासी खिळलेले असत. न्यू इंग्लिश स्कुलात शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तकही शाळांतून चाले.

आता हत्यारे. खालच्या वर्गात पाटी आणि दगडी पेन्सिल, मराठीला बोरू म्हणजे काडी कापून केलेली लेखणी, इंग्रजीला टाक म्हणजे दांडीला निब लावलेली लेखणी. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, त्यामुळे देवनागरीची जाड-बारीक वळणे आपोआप उतरतात. त्याच बोरूने इंग्रजी कित्ता गिरवला तर केसासारखी बारीक चढती रेघ येतच नाही. म्हणून पोलादी निब. त्याचे दोन फाटे दाबाने उघडतात आणि दाब काढला की मिटतात. वर सरकताना दाब दिला तर टोक कागदात रुतते, फाटे एकमेकांवर चढतात आणि सुटताना शाईचे शिंतोडे उडतात. पुढच्या मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालेली नक्षी दरवेळी खोडीच असे असे नाही.

घरगुती काळी शाई हिरड्याची. हिरडे ठेचून पाण्यात उकळायचे, अर्क गाळायचा आणि त्यात हिराकस विरघळवायचा. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोह यांतून काळा रंग तयार होतो. ताजी असताना ही शाई फिकी उमटते आणि हवा लागून काळी पडते. त्यामुळे लिहिताना अक्षर नीट दिसत नाही म्हणून मुलगा पुन्हा गिरवतो आणि वाळल्यावर पान बरबटलेले निघते. हिराकस जास्त झाला तर निब गंजतो आणि कालांतराने कागदही खाल्ला जातो. अशा आंबट शाईत खडूचा तुकडा टाकला की बुडबुडे येतात, शाई दाटते आणि टाकाला गुठळी चिकटते. हा प्रयोग रसायनाच्या तासाला न शिकवताही पुष्कळांना ठाऊक होता. बाजारची शाईची पूड आल्यावर कष्ट वाचले, पण पूड नीट विरघळली नाही तर तळाशी गाळ बसे आणि टाक खोल बुडवणाऱ्याच्या वहीवर डाग पडे.

बसण्याची रीत आज सर्वांत परकी वाटते. पुष्कळ वर्गांत मुले नंबराने बसत. मास्तरांनी प्रश्न विचारला आणि पहिल्याला आला नाही की तो दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ज्याला येईल तो चुकलेल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसे. याचा एक परिणाम असा की वरच्याला उत्तर कुजबुजणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. म्हणून कुजबुज व्हायची ती चुकीच्या उत्तराची! बिचारा घाईत तेच मोठ्याने बोले आणि सांगणारा साळसूदपणे बरोबर उत्तर देऊन वर सरके. शेवटच्या बाकाला मात्र घसरायला जागाच नव्हती, तिथली मजा निर्धास्त. शिक्षा सर्वांना माहीत आहेत त्याच: छडी, अंगठे धरणे, बाकावर उभे करणे, उठाबशा. टोपी विसरून बोडक्याने येणे हाही तेव्हा गुन्हाच.

या नंबरांच्या खेळात सगळेच नव्हते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातले गेले. तिथे त्यांना इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि नळ सोडायला शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. एल्फिन्स्टनमध्ये मास्तरांनी त्यांना फळ्यापाशी बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे हलवायला मुलांची एकच धांदल उडाली, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. जुन्या हायस्कुलांच्या गमतीजमती लिहिणारे बहुतेक जण हा आवाज गाळतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे काढली, ती शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसलेल्या मुलांसाठी. एरवी गरीब मुलगा वार लावून, म्हणजे ठरल्या वारी ठरल्या घरी, जेवे आणि फीच्या नादारीसाठी, म्हणजे माफीसाठी, अर्ज करी.

साहेबांची तपासणी हा वर्षातला मोठा प्रसंग. मराठी शाळेत ‘डिपोटी’ म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर येई, हायस्कुलात इन्स्पेक्टर. अनुदान त्याच्या शेऱ्यावर अवलंबून, म्हणून भिंती सारवल्या जात, नकाशे टांगले जात आणि हुशार मुले पुढे आणून बसवली जात. १९०५ नंतर या नाटकात दुसराच रंग भरला. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली, ऑक्टोबर १९०५मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. १९०७च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. त्याच सुमारास नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात इन्स्पेक्टर वर्गात शिरताच ‘वंदे मातरम्’ची घोषणा झाली आणि त्यापायी केशव हेडगेवारांना शाळा सोडावी लागली. काल ज्या गलक्याला दोन छड्या पुरत होत्या, त्याला आता नाव काढून टाकण्याची शिक्षा आली.

सातवीत पोचल्यावर थट्टेचा विषय एकच: मॅट्रिक. शाळेची चाचणी नीट गेली नाही तर हेडमास्तर फॉर्म अडवून ठेवत, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्याआधीच मुलगा घरी. बसलेल्यांपैकीही पुष्कळ गटांगळ्या खात. दरसाल जाणाऱ्याच्या फेऱ्यांना ‘वारी’ म्हणत. तीन-चार वाऱ्या झालेला मुलगा वर्गात मुरलेला असे. कोणत्या मास्तरांची कोणती कोटी कोणत्या धड्याला येते ते त्याला आधीच ठाऊक, आणि मास्तरांनी तोंड उघडण्याच्या आत तो शेवटच्या बाकावरून हसून मोकळा होई.