पंपाच्या एचपीपासून भट्टीच्या अधिभारापर्यंत

एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला इंडक्शन भट्टी साधारण ६०० युनिट वीज घेते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्रीचा हिशेब या आकड्याभोवतीच फिरतो. वीज एक्स्चेंजवरचा, म्हणजे विजेच्या खुल्या बाजारातला दर आणि महावितरणचा दर यांतली तफावत इथे अनेकांना तोंडपाठ असते. तरी बाजारातली वीज घेणारे थोडेच. असं का, हे समजायला नदीकाठच्या पंपापासून सुरुवात करावी लागते.

राधानगरी धरणामुळे भोगावती-पंचगंगेला उन्हाळ्यातही पाणी राहिलं, कोल्हापुरी बंधाऱ्यांनी ते अडवलं, आणि काठाकाठाने पंप बसले. सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी ते पाणी उसापर्यंत चढवलं. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाने या पंपांना सुरुवातीला मीटरवर बिल दिलं. १९७७ च्या सुमारास पद्धत बदलली आणि पंप किती एचपीचा, त्यावर ठोक आकारणी सुरू झाली. बांधाबांधावर जाऊन रीडिंग घेण्याची कटकट मिटली, पण शेतीला नेमकी किती वीज जाते हे मोजणंही थांबलं.

मोजमाप नसलं की गळती, म्हणजे वाटेत वाया किंवा चोरीला जाणारी वीज, कुठेही दाखवता येते. मंडळाची गळती अनेक वर्षं १७-१८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जायची. १९९९ मध्ये वीज नियामक आयोग आला, जाहीर सुनावण्या झाल्या, तेव्हा ती तिशीच्या पुढे असल्याचं कबूल करावं लागलं. मधल्या फरकाची वीज शेतीच्या नावावर मांडली जात होती. पुण्याच्या प्रयास संस्थेने तेव्हा ही आकडेमोड उलगडून दाखवली. पुढे इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांनी वीज ग्राहक संघटनेतर्फे हाच मुद्दा आयोगापुढे वर्षानुवर्षे लावून धरला.

ठोक दराचा दुसरा परिणाम डीपीवर, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर दिसतो. ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरची लघुदाब बाजूची क्षमता सुमारे ८४ अँपिअर. पाच एचपीचा पंप चालताना साडेसात अँपिअर घेतो, म्हणजे दहा पंप कागदावर आरामात बसतात. पण थेट स्टार्टरवर सुरू होताना हाच पंप सहापट, म्हणजे ४५ अँपिअर खेचतो. ठरावीक तासच वीज मिळणार म्हटल्यावर प्रत्येकाने ऑटोस्विच लावला. फीडर (उपकेंद्रातून येणारी वीजवाहिनी) चालू होताच दहाही पंप एकदम उठतात आणि मागणी ४५० अँपिअरवर जाते. फ्यूज उडतो, मग किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खाचेत) जाड तार घातली जाते, आणि पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग जळतं. त्यात पाच एचपीच्या नावावर साडेसातचा पंप असतो, आणि तारेतला जादा प्रवाह कमी करणारा दोन केव्हीएआरचा कपॅसिटर काढून ठेवलेला असतो. तो लावून बिल एक रुपयानेही कमी होणार नव्हतं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. दराची रचनाच तशी होती.

शेतीच्या स्वस्त दराची भरपाई थोडी सरकारी अनुदानातून आणि बरीचशी उद्योग-व्यापाराच्या चढ्या दरातून होत आली. हीच क्रॉस सबसिडी. २००३ च्या वीज कायद्याने ओपन ॲक्सेस, म्हणजे मोठ्या ग्राहकाला दुसरीकडून वीज घेण्याची मुभा, दिली. ती देताना कलम ४२ मध्ये अधिभाराचीही तरतूद केली: ग्राहक बाहेर गेला तरी त्याच्याकडून मिळणारी क्रॉस सबसिडी बुडू नये. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, २००८ मध्ये एक्स्चेंज सुरू झाले. पण दार एक मेगावॅटच्या वर मागणी असलेल्यांनाच उघडं होतं. अर्ध्या टनाची भट्टी जेमतेम साडेतीनशे-चारशे किलोवॅटची, म्हणजे कोल्हापुरातल्या बहुतेक लहान फाउंड्र्या उंबऱ्याबाहेरच राहिल्या.

जे आत गेले त्यांना बाजारदरावर पारेषण आकार (उच्चदाब वाहिन्यांचं भाडं), व्हीलिंग आकार (वितरण वाहिन्यांचं भाडं), दोन्हींची गळती आणि क्रॉस सबसिडी अधिभार असा थर चढलेला दिसला. २०१६ च्या दर आदेशाने अतिरिक्त अधिभारही आला: महावितरणने करार केलेली वीज पडून राहते, तिच्या स्थिर खर्चाचा वाटा. शिवाय खरेदी आदल्या दिवशी, १५ मिनिटांच्या ९६ भागांत नोंदवायची. भट्टीचा भार तसा सरळ नसतो. चार्ज (वितळवायचा माल) टाकताना पूर्ण, धातू ओतताना जवळपास शून्य, अस्तर बदलताना दिवसभर बंद. नोंदवून न उचललेल्या विजेचे पैसे बहुतेक अंगावरच पडतात.

त्यामुळे ओढा कॅप्टिव्हकडे, म्हणजे स्वतःच्या मालकीच्या वीज प्रकल्पाकडे गेला. २००५ च्या नियमांनुसार प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल आणि वर्षाच्या उत्पादनापैकी किमान ५१ टक्के वापर स्वतःचा असेल, तर क्रॉस सबसिडी अधिभार माफ. अनेक ग्राहक एकत्र आले तर प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात, १० टक्के इकडेतिकडे, असावा लागतो. एखाद्याने वर्षभर भट्टी कमी चालवली तर त्याचं गणित कोलमडतं. गटाचा एकूण वापर ५१ टक्क्यांखाली गेला तर सगळ्यांचाच दर्जा जातो आणि मागील अधिभार वसूल होतो. अशा ग्राहकांना अतिरिक्त अधिभारही लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महावितरणविरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील प्रकरणात दिला. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी ओपन ॲक्सेसची मर्यादा १०० किलोवॅटवर आणली आणि लहान भट्ट्यांचाही विचार होऊ लागला.

बिलाचा हिशेबही मधल्या काळात बदलला. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या वापरलेल्या नव्हे तर खेचलेल्या एकूण विजेवर आकारणी होते. आधी चांगल्या पॉवर फॅक्टरची (खेचलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण) सवलत वेगळी मिळायची. आता कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त लावून फॅक्टर लीडिंगला (उलट बाजूला) गेला तरी युनिट वाढतात. म्हणून भट्टी बंद असताना कपॅसिटर बँक आपोआप सुटते ना, हे ऑपरेटरने बघावं लागतं. अनेक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती आणि फाउंड्र्यांनी रात्रपाळी त्यावरच बसवली होती. सौर वीज वाढल्यावर आयोगाने सवलत सकाळी ९ ते सायंकाळी ५ कडे सरकवली.

दिवसाची ही वीज पंपांनाही हवी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे आहेत. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल नाही, ते पैसे राज्य सरकार महावितरणला देणार. शेतीची वीज किती धरायची हा प्रश्न मात्र तसाच आहे. फक्त त्याचं उत्तर आता अनुदानाची रक्कमही ठरवतं.