जुनी लायोनेल डिझेल इंजिने: घेण्यापूर्वी, चालवण्यापूर्वी आणि पुसण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

खेळण्यातले जुने डिझेल इंजिन घेऊन आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात, “हे सांता फेचे आहे, याची काय किंमत येईल?” (सांता फे ही अमेरिकेतील एक रेल्वे कंपनी; तिच्या रंगांतली ही इंजिने.) त्यावर आम्हांला नाइलाजाने उलट विचारावे लागते, “कोणते सांता फे?” लाल नाक आणि चंदेरी अंग असलेले हे एफ-३ इंजिन अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९४८ मध्ये प्रथम बाजारात आणले आणि पुढे १९६६ पर्यंत ते वेगवेगळ्या क्रमांकांनी विकले. कपाटाच्या काचेआडून ही सारी इंजिने सारखीच दिसतात, पण संग्राहकाच्या दृष्टीने त्यांची किंमत आणि दुर्मिळता सारखी नाही. तो फरक ग्राहकाला घरच्या घरी ओळखता यावा, यासाठी हे पत्रक काढले आहे.

एकच रंगसंगती, पाच क्रमांक

मूळ एफ-३ हे जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचे खरे रेल्वे इंजिन होते. त्याची तीन रुळांवर धावणारी ओ गेज (खेळण्यातील रेल्वेचे एक माप) प्रतिकृती काढताना साच्यांच्या खर्चात जनरल मोटर्सने, तसेच सांता फे आणि न्यू यॉर्क सेंट्रल या दोन रेल्वे कंपन्यांनी वाटा उचलला होता. पहिल्या इंजिनांवर ‘जीएम’ हे छोटे चिन्ह दिसते त्याचे कारण हेच, आणि पहिल्या वर्षी एफ-३ याच दोन कंपन्यांच्या रंगांत निघाले.

सांता फेच्या रंगातील मुख्य क्रमांक पाच आहेत. २३३३ हा क्रमांक १९४८-४९ चा, २३४३ हा १९५०-५२ चा, २३५३ हा १९५३-५५ चा आणि २३८३ हा १९५८-६६ चा. या चारही संचांत चालकाच्या केबिनची दोन युनिटे असतात. त्यांपैकी एकातच मोटारी असतात आणि दुसरे नुसतेच ओढले जाते. पाचवा क्रमांक २२४३ (१९५५-५७) हा स्वस्तातला संच होता व त्यात एक युनिट केबिनचे आणि एक बिनकेबिनचे असे. लायोनेलच्या एफ-३ मालिकेत २३ ने सुरू होणाऱ्या इंजिनात दोन मोटारी आणि २२ ने सुरू होणाऱ्यात एक, एवढे ध्यानात ठेवले तरी खरेदीच्या वेळी पुष्कळ काम भागते.

मात्र क्रमांक फक्त वरच्या आवरणावर असतो, आणि आवरण स्क्रू काढले की बदलता येते. म्हणून आम्ही क्रमांकाआधी छप्पर पाहतो. २३३३ च्या आणि २३४३ च्या केबिन युनिटांच्या छपरावरील हवेच्या खिडक्यांना खरी बारीक तारेची जाळी बसवलेली असते. २३५३ पासून त्या जागी प्लास्टिकमध्येच ओतलेल्या झडपांच्या पट्ट्या आल्या. त्यानंतर आम्ही एक साधी टाचणी घेतो. चाके रुळाला चिकटून राहावीत म्हणून लायोनेलने १९५० मध्ये चुंबकीय पकडीची पद्धत आणली. त्यामुळे २३४३ च्या मोटारीच्या युनिटाची चाके टाचणी ओढून घेतात, २३३३ ची घेत नाहीत. वर २३३३ लिहिलेले असून खाली टाचणी चिकटत असेल, तर आवरण एका इंजिनाचे आणि सांगाडा दुसऱ्याचा आहे असे समजावे. असे इंजिन चालते उत्तम, पण ते अस्सल म्हणून विकत घेऊ नये.

१९७० च्या दशकात लायोनेलचे नाव जनरल मिल्स या कंपनीकडे असताना सांता फेचे एफ-३ पुन्हा निघाले. त्या पिढीतल्या इंजिनांचे चार अंकी क्रमांक ८ ने सुरू होतात. ती वाईट नाहीत, पण त्यांची गणना वेगळी होते.

इतर काही डिझेल

फेअरबँक्स-मोर्स कंपनीच्या ट्रेन मास्टर इंजिनांच्या प्रतिकृतींमध्ये (पुढची नावे रेल्वे कंपन्यांची) २३३१ व्हर्जिनियन हे १९५५ मध्ये पिवळ्या-काळ्या रंगात आले आणि पुढच्या वर्षापासून पिवळ्या-निळ्या रंगात. २३२१ लॅकावाना मरून आणि करड्या अशा दोन छपरांत मिळते. या जड आवरणांना स्क्रूच्या भोकांजवळ तडा जातो. दिव्याखाली दोन्ही टोके नीट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

२३३८ मिलवॉकी रोड हे जीपी-७ (डिझेल इंजिनाचा आणखी एक प्रकार) आमच्या दृष्टीने सर्वांत फसवे इंजिन आहे. त्याचे आवरण नारिंगी प्लास्टिकचे असून काळा भाग वरून रंगवलेला असतो. बहुतेक इंजिनांची केबिन पूर्ण काळी असते. थोड्या इंजिनांत मात्र नारिंगी पट्टा केबिनवरूनही सलग जातो आणि तीच संग्राहकांना हवी असतात. अडचण अशी, की केबिनवरचा काळा रंग कोणी जपून खरवडला तर खालचे नारिंगी प्लास्टिक आपोआप उघडे पडते. खिडक्यांच्या कडांशी काळ्या रंगाचा बारीकसा अवशेष दिसतो का, हे भिंगातून पाहावे.

वीज

लायोनेलचे जुने ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतील ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेले आहेत. काकांनी न्यू जर्सीहून आणलेला, मोठ्या हँडलांचा, २७५ वॉटचा झेडडब्ल्यू नावाचा ट्रान्सफॉर्मर एका ग्राहकाने नुसता प्लगचा जोड बसवून आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला. आमच्याकडे पोहोचला तेव्हा त्याच्या तारांवरचे वेष्टण काळे पडलेले होते आणि वास दोन दिवस दुकानातून गेला नाही. पुरेशा वॉटचा, तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये लावल्याशिवाय असे यंत्र जोडू नये. आपल्या ५० हर्ट्झवर ते थोडे अधिक तापते, म्हणून अर्ध्या तासाने हात लावून पाहावे.

काही ग्राहक दुसऱ्या मॉडेल गाडीचा डीसी पुरवठा वापरतात. या इंजिनांची मोटार त्यावर फिरते, परंतु त्यांतील हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा स्विच) नेमका डीसी प्रवाहानेच जागा होतो, त्यामुळे हॉर्न थांबतच नाही. हॉर्नसाठी आत एक मोठा ‘डी’ मापाचा सेल असतो. तो विसरलेला सेल हे या इंजिनांच्या नाशाचे सर्वांत मोठे कारण आम्ही पाहतो, कारण पाझरलेले रसायन खालचा धातूचा सांगाडा खाऊन टाकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन घरात येताच सेल काढावा, आणि जुने इंजिन घेताना सेलची जागा उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा.

स्वच्छता आणि आमची पद्धत

सांता फेचा चंदेरी रंग नाजूक असतो आणि नाकावरचे बोधचिन्ह हे पाण्याने चिकटवलेले चित्र असते. स्पिरिट, थिनर किंवा चांदीची पावडर यांपैकी काहीही लावू नये. मऊ ब्रशने धूळ झाडावी, फार तर ओलसर सुती कापड बाजूंवरून टेकवत न्यावे, आणि बोधचिन्हाला हात लावू नये.

आम्ही मूळ आवरण पुन्हा रंगवून देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. झिजलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा अधिक मोलाचा असतो, हे आमचे ठाम मत आहे. आम्ही जुने घट्ट झालेले वंगण काढतो, गिअरना नवे ग्रीस आणि आसांना एकेक थेंब तेल देतो, आणि बदललेला प्रत्येक भाग पावतीवर लिहून जुना भाग पिशवीत परत करतो.

इंजिन आणताना ते आधी चालवून पाहू नये. मूळ केशरी-निळे खोके असेल तर तेही आणावे, कारण खोक्याच्या टोकावर छापलेल्या क्रमांकापुढील ‘पी’ हे अक्षर मोटारीचे युनिट आणि ‘टी’ हे बिनमोटारीचे युनिट दाखवते, आणि आतले युनिट त्याच्याशी जुळते का ते ताडता येते. गुंडाळण्यासाठी मऊ कागद किंवा धुतलेले सुती कापड वापरावे. फुग्यांच्या प्लास्टिकचे ठसे रंगावर उमटतात आणि मग ते आम्हांलाही काढता येत नाहीत.