इफुगाओंचे दागिने नुसती हौस नव्हेत

‘डोंगरी जमातींचे दागिने म्हणजे निव्वळ हौस, तिथे गरीब-श्रीमंत भेद नसतोच,’ असं वाक्य फोटोंसोबत कित्येक वर्षं फिरतंय. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावरच्या इफुगाओंना ते लागू पडत नाही. भातखाचरांचे धनी असलेले ‘कडंग्यान’ तिथे वरच्या थरातले. गावजेवणं घातल्यावरच तो मान पक्का व्हायचा. दुरून व्यापारातून आलेल्या अकीक मण्यांच्या माळा, एका बाजूला चीर असलेल्या सोन्याच्या वळ्या पिढ्यान्‌पिढ्या जपायच्या, समारंभात मिरवायच्या. ती सगळ्यांना परवडणारी गोष्ट नव्हतीच. पडताळायचं तर संग्रहालयातली नोंद वाचा: वस्तू कशाची, कुणाची, कधी घालायची. फोटोत सगळ्यांच्या गळ्यात एकसारख्या माळा असतील, तर तो बहुधा हल्लीच्या नाचाचा पोशाख असतो.