रिलीफ कापायचा की नाही : ड्रॅग रोडस्टरमधल्या फ्लॅटहेड व्ही-8 ची पार्श्वभूमी

आज कोणी जुन्या रोडस्टरसाठी (छत नसलेल्या दोन आसनी गाडीसाठी), खास पाव मैलाच्या सरळ ड्रॅग शर्यतीसाठी, फोर्डचे फ्लॅटहेड व्ही-8, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरशेजारी ब्लॉकमध्येच असलेले आठ सिलिंडरांचे इंजिन, बांधायला घेतो, तेव्हा त्याला पडणारे जवळजवळ सगळे प्रश्न 1946 ते 1953 या काळात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांमध्ये विचारून झालेले असतात. त्यातले बरेचसे सुटले. एक मात्र अजून भांडणाचा आहे. ब्लॉकच्या माथ्यावर, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्या मधल्या लोखंडात, रिलीफ, म्हणजे मिश्रणाला वाट देणारा उतार, कापायचा की नाही?

इंजिन आले 1932 मध्ये. 221 घन इंच, म्हणजे सुमारे 3.6 लिटर, 65 अश्वशक्ती आणि 5.5 कंप्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते). दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतकामात काढल्यामुळे व्ही-8 सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आले. त्या ओतकामाची किंमत मात्र एक्झॉस्टने चुकवली. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या मधल्या खोऱ्यात बसले आणि जळका वायू बाहेर काढायला वाट उरली ती ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून आणि सिलिंडरांच्या शेजारून. त्यातही मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड, म्हणजे चार सिलिंडरांमागे तीन पोर्ट. पाणी तापते, व्हॉल्व्ह सीटपासून बोअरकडे (सिलिंडरच्या पोकळीकडे) तडा जातो, हे सगळे इथूनच सुरू होते. 1937 मध्ये वॉटर पंप हेडवरून ब्लॉकवर आणले, त्याने फरक पडला, पण मूळ वाट तीच राहिली.

आपल्याकडे साइड व्हॉल्व्ह म्हटले की जुन्या मेकॅनिकना सुरुवातीची ॲम्बेसेडर आठवते. रचनेची जात तीच, पण त्या गाडीत कोणी वेग शोधला नाही. कॅलिफोर्नियात शोधला, कारण महायुद्धानंतर जुन्या फोर्ड स्वस्तात मिळत होत्या, सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हाताला यंत्रकाम माहीत होते आणि शहराबाहेर एल मिराजसारखे कोरडे तलाव पसरलेले होते. तलावावर गाडी मैलन् मैल पूर्ण थ्रॉटलवर जाते. तिथे फ्लॅटहेडचे दोन्ही दोष उघडे पडतात, उष्णता आणि श्वास.

1950 मध्ये सँटा ॲना विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या आणि हिशेब बदलला. हा बदल मला निर्णायक वाटतो आणि इतिहास सांगताना तो फार घाईत उरकला जातो, असे माझे मत आहे. पाव मैल म्हणजे 402 मीटर. दहा-पंधरा सेकंदांत सगळे आटोपते. पाणी उकळायच्या आत गाडी थांबलेली असते, त्यामुळे कित्येकांनी रेडिएटर काढूनच टाकला. फ्लॅटहेडचा सर्वांत बदनाम दोष पट्टीवर जवळपास बिनमहत्त्वाचा ठरला. उरला तो श्वास. आणि त्याच्या जोडीला एक गुण कामी आला. लांब स्ट्रोकमुळे (पिस्टनच्या वरखाली जाण्याच्या अंतरामुळे) हे इंजिन खालच्या फेऱ्यांतच जोर धरते आणि हलक्या रोडस्टरला जागेवरून उचलायला नेमके तेच लागते.

म्हणून ड्रॅगवाल्यांनी आधी घन इंच वाढवले. 1939 च्या मर्क्युरी या फोर्डच्याच गाडीपासून 239 घन इंचांचा ब्लॉक मिळत होता, त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 3 3/16 इंच. 1949 च्या मर्क्युरीने 4 इंच स्ट्रोकची क्रँक आणली आणि ती जुन्या फोर्ड ब्लॉकमध्ये बसवता येत होती. भंगारातून काढलेली ही क्रँक आणि 3 5/16 चा बोअर, की झाले 276. बोअर 3 3/8 केला तर 286. क्रँकची जर्नल (पिस्टनचा दांडा जिथे बसतो तो भाग) सरकवून घासली आणि स्ट्रोक 4 1/8 वर नेला तर 296. या शेवटच्याला तेव्हापासून ‘थ्री-एट्स बाय थ्री-एट्स’ म्हणतात. त्यातला पहिला आकडा बोअरच्या मापाचा अपूर्णांक आहे, तर दुसरा मूळ 3 3/4 इंच स्ट्रोकमध्ये घातलेली वाढ. दोन्ही वाढच समजून पिस्टन मागवले तर ते चुकीचे येतात. या सगळ्याला आधार फक्त तीन मेन बेअरिंगांचा. त्यामुळे फेऱ्या चढवण्यापेक्षा टॉर्क वाढवण्याकडे बांधणाऱ्यांचा कल राहिला, तो शहाणपणाचाच होता.

आता रिलीफ. फ्लॅटहेडमध्ये पिस्टन एकीकडे आणि व्हॉल्व्ह शेजारी. इनटेक व्हॉल्व्ह उघडला की मिश्रण आधी वर येते, मग आडवे वळून ब्लॉकच्या माथ्यावरून बोअरमध्ये उतरते. या वळणावरची लोखंडाची कड खाली घासली की वाट मोकळी होते. युद्धानंतरच्या वर्षांत ‘पोर्टेड अँड रिलीव्हड’ (पोर्ट मोठे केलेले आणि रिलीफ कापलेले) हे शब्द इंजिनाच्या वर्णनात इतके सरसकट येत की रिलीफ नसलेले इंजिन अर्धवट बांधलेले समजले जाई.

काम कसे चाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ब्लॉकच्या माथ्याला निळा रंग लावायचा, हेड गॅस्केट स्टडांवर चढवून बसवायचे आणि सुईने त्याच्या आतल्या कडेची रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत, दोन्ही व्हॉल्व्ह सीटपासून बोअरपर्यंत, हातातल्या ग्राइंडरने उतार काढायचा. खोली साधारण एक अष्टमांश इंच, आणि पिस्टन वर असताना पहिली रिंग जिथे येते तिथपर्यंत मुळीच पोचायचे नाही. आठही सिलिंडरांना उतार सारखा हवा. हात एकदा घसरला की सीट गेली किंवा गॅस्केटची बैठक गेली. आणि घासायची जागा नेमकी तीच, जिथे या ब्लॉकना तडे जातात.

विरोधातला मुद्दा साध्या गणिताचा आहे. जेवढे लोखंड काढाल, तेवढी ज्वलनकक्षाची जागा वाढते आणि तेवढे कंप्रेशन उतरते. वरच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात हे नुकसान हेड घासून भरून काढता येते. फ्लॅटहेडमध्ये हेडची पोकळी व्हॉल्व्हच्या उचलीला लागते. ती खाली आणली तर व्हॉल्व्ह हेडला टेकतो, आणि टेकला नाही तरी मिश्रणाची तीच आडवी वाट वरून चेपली जाते. म्हणजे एका हाताने श्वास घ्या, दुसऱ्या हाताने कंप्रेशन सोडा. अशा इंजिनात आठ-नऊच्या पलीकडे फारसे जाता येत नाही. 1946 चे कारखान्यातले इंजिन 6.75 वर होते, म्हणजे मिळवायचा पल्लाच लहान. त्यातला काही भाग रिलीफमध्ये घालवणे परवडते का, हा खरा प्रश्न.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नाही. मोठ्या उचलीची कॅम, मोठे इनटेक व्हॉल्व्ह आणि तीन-चार स्ट्रॉमबर्ग 97 कार्बुरेटर लावून मिश्रण त्या कडेवर अडवायचे असेल, तर बाकीचा खर्च कशाला केला? सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून भरणारा ब्लोअर, असेल तर त्यांची बाजू माझ्या मते पुरती जिंकते. ब्लोअर दाब स्वतः देतो, स्थिर कंप्रेशन कमीच लागते आणि मोकळी वाट पूर्ण वसूल होते. अल्कोहोल जाळायचे तर उलटे. अल्कोहोलला चढे कंप्रेशन सोसते, मग ते हातचे का घालवावे?

नैसर्गिक श्वासावर, पेट्रोलवर धावणाऱ्या ड्रॅग इंजिनात मात्र त्या काळी रिलीफ गरजेपेक्षा जास्त वेळा कापला गेला, असे मला वाटते. पुढे फ्लो बेंच (वाटेतून हवा किती वाहते ते मोजणारे यंत्र) हाताशी आल्यावर अनेक जाणत्या बांधणाऱ्यांनी तो सोडला, किंवा फक्त इनटेकच्या बाजूची कड मोडण्यापुरता ठेवला. त्यांचा भर सीटच्या कोनांवर, व्हॉल्व्हखालच्या खिशाच्या आकारावर आणि हेडच्या पोकळीवर असतो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांवर मातीचे गोळे ठेवून हेड कसायचे, क्रँक हाताने दोन फेरे फिरवायची, हेड उतरवून माती कापायची आणि जाडी मोजायची. पिस्टनच्या माथ्यावर 40 ते 50 थाउ (इंचाचे हजारांश) राहिले की स्क्विश, म्हणजे कडेचे मिश्रण दाबून आत ढकलणे, चांगला मिळतो आणि इंजिन न ठोकता जास्त कंप्रेशन सोसते. ही पद्धत 1950 मध्येही हाताशी होती. पण घासलेला ब्लॉक गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतो, मोजलेली जागा दिसत नाही.

व्हॉल्व्ह थेट वर नेण्याचा मार्गही निघाला होता. 1947 च्या सुमारास आलेल्या आर्डन हेडांनी फ्लॅटहेड ब्लॉकवर अर्धगोलाकार ज्वलनकक्ष बसवले. महाग आणि रुंद असलेली ही हेडे मुळात ट्रकसाठी योजलेली होती. अशा इंजिनाला फ्लॅटहेड म्हणायचे का, यावर शर्यतवाल्यांनी वेगळे वर्ग करून उत्तर दिले: बॉनव्हिलच्या मिठागरावर मूळ रचनेचे इंजिन एक्सएफ वर्गात धावते आणि वेगळी हेडे लावलेले एक्सएक्सएफ वर्गात.

पट्टीवरचे राज्य थोडेच टिकले. 1949 मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइल, 1951 मध्ये क्रायस्लर यांची वरच्या व्हॉल्व्हची व्ही-8 इंजिने आली. फोर्डने अमेरिकेतल्या गाड्यांमधून फ्लॅटहेड 1953 नंतर काढले. 1955 मध्ये कॅन्ससच्या ग्रेट बेंड इथे पहिल्या राष्ट्रीय ड्रॅग शर्यती भरल्या, पावसाने अंतिम फेरी नोव्हेंबरात फिनिक्सला गेली, आणि तिथले सर्वोच्च विजेतेपद फ्लॅटहेड मर्क्युरीनेच नेले. त्याच वर्षीच्या शेवरोले गाड्यांत 265 घन इंची इंजिन आले आणि नव्याने बांधणाऱ्याला फ्लॅटहेड घेण्याचे कारण उरले नाही.

तरी सुटे भाग आटले नाहीत. फोर्डचा फ्रान्समधला कारखाना 1954 मध्ये सिम्काकडे गेला आणि फ्रेंच लष्कराच्या ट्रकांसाठी हे इंजिन पुढे बरीच वर्षे बनत राहिले. त्या साठ्यातले न वापरलेले ब्लॉक नंतर अमेरिकेत पोचले. तडे नसलेला अमेरिकन ब्लॉक शोधत भंगार पालथे घालणाऱ्यांची त्याने मोठी सोय झाली. या शतकाच्या सुरुवातीला बॉनव्हिलवर फ्लॅटहेडच्या एका स्ट्रीमलाइनरने (हवा कापणाऱ्या निमुळत्या गाडीने) ताशी 300 मैलांची रेघ ओलांडली. न्यू जर्सीच्या वाइल्डवुड किनाऱ्यावर युद्धपूर्व रोडस्टर वाळूत जोडीने सोडले जातात, तिथेही याच इंजिनांची गर्दी असते.

कोऱ्या फ्रेंच ब्लॉकमुळे रिलीफचा वाद उलट धारदार झाला आहे. जुन्या, आधीच कोणीतरी घासलेल्या ब्लॉकमध्ये निवड उरत नसे. कोरा ब्लॉक घेणाऱ्याला ती स्वतः करावी लागते, आणि काढलेले लोखंड परत बसत नाही. म्हणून आता अनुभवी बांधणारे ग्राइंडरला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाकडून दोन गोष्टी ठरवून घेतात: इंधन कोणते आणि ब्लोअर लागणार की नाही.