सीआरसी वेगळी, नर्स-संशोधक वेगळी

बीएस्सी नर्सिंगचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न येतो. "मॅडम, मला रिसर्चमध्ये जायचंय. क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा करू का?" कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं, की आधी डिप्लोमा, मग सीआरसीची (क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे औषधचाचणीचं रोजचं काम सांभाळणारी) नोकरी, मग आपोआप पीएचडी आणि शेवटी कॉलेजात प्राध्यापक. डिप्लोमा विकणाऱ्या संस्था हा समज दूर करत नाहीत, त्यांना तो सोयीचाच आहे. ठाण्याहून सुटणारी वाशी लोकल आणि पनवेल लोकल तुर्भ्यापर्यंत एकाच रुळावरून धावतात, म्हणून वाशीच्या गाडीत बसून कुणी पनवेलला पोचत नाही.

सीआरसीचं काम काय, हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या नर्सेसना नव्यानं सांगायला नको. संमतीपत्रं, व्हिजिटच्या तारखा, सोर्स डॉक्युमेंट (रुग्णाच्या मूळ नोंदी), सीआरएफ म्हणजे चाचणीचा माहिती-फॉर्म भरणं, नोंदी तपासणारा मॉनिटर यायच्या आदल्या दिवशी फायलींवर बसणं. गंभीर दुष्परिणाम झाला तर चोवीस तासांत कळवायचं कायदेशीर ओझं मुख्य संशोधकावर असतं आणि धावपळ सीआरसीची. नाइट ड्यूटी बहुधा नसते, म्हणून लेकुरवाळ्या मुली हे काम घेतात. त्यात गैर काहीच नाही. नर्स हे काम बीफार्मवाल्या मुलापेक्षा चांगलं करते, असं माझं ठाम मत आहे. रुग्ण "बरं आहे" म्हणतो तेव्हा तो खरंच बरा आहे का, हे तिला कळतं.

दुसरी वाट क्लिनिकल ॲकॅडेमिक नर्सची, म्हणजेच नर्स-संशोधकाची. रुग्णसेवा, संशोधन आणि शिकवणं ही तिन्ही कामं एकाच नर्सच्या आठवड्यात बसतात. पदवीतला फरक, जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचण्यांच्या नियमांचं) प्रमाणपत्र, पगार यांवर मी वेळ घालवणार नाही. एमएस्सी-पीएचडी विरुद्ध डिप्लोमा, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. घोळ होतो तो 'प्रश्न कुणाचा?' इथे.

एक उदाहरण नीट उलगडून बघू. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरविरुद्ध वापरतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्याच्या चाचण्यांशी खारघरच्या ॲक्ट्रेकचं, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राचं, नाव जोडलेलं आहे, त्यामुळे नवी मुंबईतल्या नर्सेसना हा विषय परका नाही. कार-टीनंतर मेंदूवर परिणाम होतोय का, हे बघायला 'आईस' स्कोअर घेतात. एकूण १० गुण. साल, महिना, शहर, रुग्णालय ओळखण्याचे ४, तीन वस्तूंची नावं सांगण्याचे ३, साधी सूचना पाळण्याचा १, एक वाक्य लिहिण्याचा १ आणि शंभरापासून दहा-दहानं उलटं मोजण्याचा १. ७ ते ९ गुण आले की ग्रेड १, म्हणजे मेंदूवर सौम्य परिणाम, धरतात.

आता समजा, पलंगावर शाळेचं तोंड न पाहिलेल्या एक आजी आहेत. लिहिता येत नाही, उलटं मोजायची कधी वेळ आली नाही. मेंदू ठणठणीत असताना त्यांचे दोन गुण गेले. उरले आठ, म्हणजे कागदावर ग्रेड १.

चाचणीतली सीआरसी इथे काय करते? प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, जसं लिहिलंय तसंच स्कोअर घेते, उपचाराआधीचा बेसलाइन स्कोअरही आठच होता हे सोर्स डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट नोंदवते आणि मुख्य संशोधकाला सांगते. "आजी, वाक्य राहू द्या, ओवी म्हणून दाखवा" असं तिनं परस्पर ठरवून गुण दिला, तर ते प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीचा भंग. हेतू कितीही चांगला असला तरी. तिचं कौशल्य नेमकं यातच आहे, की दुसऱ्यानं लिहिलेली पद्धत प्रत्येक रुग्णावर, प्रत्येक वेळी, जशीच्या तशी पाळायची. चाचणीच्या प्रत्येक केंद्रानं आपापली अक्कल चालवली तर चाचणीच्या आकड्यांना अर्थ उरणार नाही.

नर्स-संशोधक त्याच पलंगाशी उभी असते, तोच फॉर्म तिच्या हातात असतो. पण तिचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. न शिकलेल्या मराठी रुग्णासाठी लिहिण्याच्या जागी काय चालेल? ओवी चालेल, की बाजारातली सुटी मोड मोजणं चालेल? दोन नर्सेसनी वेगवेगळं घेतलं तर गुण जुळतील का? बिघाड खरंच वेळेत पकडला जाईल का? मग ती साहित्य धुंडाळते, प्रोटोकॉल स्वतः लिहिते, एथिक्स कमिटीसमोर स्वतःच्या नावानं अर्ज करते आणि वाभाडेही स्वतःचेच निघू देते. सीआरसीचं नाव डेलिगेशन लॉगवर असतं, म्हणजे मुख्य संशोधकानं तिला काम सोपवलेलं असतं. हिला कुणी सोपवलेलं नसतं. तीच निरीक्षणशक्ती, तोच रुग्ण. पण पद्धत बदलावीशी वाटणं ही एकीकडे चूक असते आणि दुसरीकडे संशोधनाची सुरुवात.

म्हणून पाच वर्षं सीआरसी राहिल्यानं कुणी संशोधक होत नाही. संमती कशी घ्यायची, प्रोटोकॉल कसा वाचायचा, नोंदी किती काटेकोर हव्यात, हे ती पक्कं शिकते आणि ते पुढे सोन्यासारखं उपयोगी पडतं. प्रश्न घडवायला मात्र तिथे कुणी शिकवत नाही, कारण त्या कामात त्याची गरजच नसते.

उलट बाजूचा घोळ आपल्या कॉलेजांनी घातलाय, तोही सांगते. एमएस्सीचा प्रबंध म्हणजे 'अमुकविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता'. प्रीटेस्ट, शिकवणं, पोस्टटेस्ट, गुण वाढले. वाढणारच, नुकतंच शिकवलंय! हे वाचून वाचून मी थकले आहे. असा प्रबंध लिहिलेली मुलगी संशोधनाला कंटाळून सीआरसी होते, तेव्हा मला तिचा राग येत नाही, गाइडचा येतो. बेडसोअरचा धोका मोजायला आपण रोज जो ब्रेडन स्केल भरतो, तो बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन नर्सेसनी बनवला आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे बर्गस्ट्रॉम यांच्याच गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की नर्सिंग होममधल्या (म्हणजे तिकडच्या वृद्धसेवा केंद्रांतल्या) रुग्णांना चांगल्या घनतेच्या फोमच्या गादीवर दर दोन, तीन किंवा चार तासांनी कुशीवर वळवलं, तरी बेडसोअरच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही. आपल्या वॉर्डातली गादी तशी नसते आणि रुग्णाला वळवतात बहुतेकदा नातेवाईक. मग आपल्याकडे काय होतं? हा प्रबंधाचा विषय. ज्ञानचाचणी नव्हे.

आपल्याकडची खरी अडचण पदांची आहे. कॉलेजात गेलं की वॉर्ड सुटतो, वॉर्डात राहिलं की शिकवणं सुटतं. वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) शिक्षिका आणि वॉर्ड यांची सांगड फार पूर्वीपासून आहे. ब्रिटनमध्ये एनआयएचआर या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या फेलोशिपमधून रुग्णसेवा न सोडता पीएचडी करता येते. इथे मात्र ही सांगड नर्सलाच जुळवून आणावी लागते. माझा सल्ला सरळ आहे. आधी निदान दोन वर्षं वॉर्ड, तोही शक्यतो एकाच विषयाचा. मग एमएस्सी, वॉर्डातलाच प्रश्न घेऊन. मग नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून किंवा नर्सिंग कौन्सिलच्या पुढाकारानं २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कन्सोर्टियममधून पीएचडी. मधली काही वर्षं सीआरसी म्हणून काढायची असतील तर जरूर काढा, फक्त त्याला शॉर्टकट समजू नका.

मुलाखतीला गेलात तर एकच विचारा: "प्रोटोकॉल कोण लिहितं?" उत्तर 'स्पॉन्सर' (चाचणी करवून घेणारी कंपनी) असेल तर ती सीआरसीची जागा. जाहिरातीत पीएचडीची अट आहे पण वॉर्डाचा उल्लेखच नाही, तर ती नुसती प्राध्यापकी. वॉर्ड आणि पीएचडी दोन्ही मागणारी जाहिरात ठाणे-बेलापूर रोडच्या आसपास कुठे दिसली तर मला आधी कळवा, अर्ज करणाऱ्या मुली माझ्याकडे तयार आहेत.