बडोद्यात दुकान, ऑफिस किंवा शेड घेताना-देताना वकील कसा नेमावा: पात्रता, कागदपत्रं आणि दस्तापर्यंतची प्रक्रिया

टोकन देण्याआधी वकील नेमा. बडोद्यात बहुतेकदा उलटं होतं. दलाल जागा दाखवतो, भाव जमतो, साध्या चिठ्ठीवर सह्या होऊन लाख-दोन लाख हातात पडतात, आणि मग ‘दस्तावेज करून द्या’ म्हणून मंडळी वकिलाकडे जातात. तोवर वकिलाला करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. मालकीत दोष निघाला तर टोकन परत मिळेल, अशी ओळ त्या चिठ्ठीत नसते. ती ओळ लिहून घेण्यासाठीच वकील आधी हवा.

वकील म्हणून कोणाला नेमता येतं

१९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यानुसार बार कौन्सिलच्या यादीत नाव असलेल्यालाच वकिली करता येते. पहिल्याच भेटीत सनद क्रमांक विचारा. त्यात अपमान काही नाही, चांगला वकील तो स्वतःहून सांगतो. सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर बसणारे दस्तलेखक फॉर्म भरून देतात, स्टॅम्पचा हिशेब करतात. पण टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासून लेखी मत देणं हे वकिलाचं काम आहे.

बिल्डरने सुचवलेला वकील बिल्डरचं हित पाहतो. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा रिपोर्ट बँकेच्या कर्जाच्या सुरक्षेपुरता असतो, आणि त्याची प्रत कित्येकदा ग्राहकाला मिळतही नाही. दोन्ही असले तरी आपला वकील वेगळा ठेवा. समोरच्या पक्षाचं काम तो आत्ता किंवा पूर्वी करत होता का, हे स्पष्ट विचारा.

काम चार तुकड्यांत ठरवून लेखी घ्या: सर्च (जुन्या नोंदींची तपासणी) आणि टायटल रिपोर्ट, बानाखत (विक्रीचा प्राथमिक करार) व दस्ताचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी, आणि नंतरची नावनोंद. प्रत्येकाची फी वेगळी लिहिली की शेवटचा तुकडा मधेच सुटत नाही. स्टॅम्प, नोंदणी फी, सर्च फी आणि जाहीर नोटिशीचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा, हेही तिथेच लिहा. व्यवहार पुढे कोर्टात गेला तर निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. तसं कोणी सुचवलं तर दुसरा वकील बघा.

मोफत सल्ल्याची सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला (उत्पन्न कितीही असो), अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले पात्र ठरतात. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. स्वतःच्या नावावर गाळा असलेल्या बाईने भाडेकराराचा वाद निघाल्यावर इथे जरूर जावं.

वकिलाकडे काय घेऊन जायचं

आधी जागेचा प्रकार ओळखा, कारण कागद त्यावर ठरतात.

रावपुरा, मांडवी, दांडिया बाजारसारख्या जुन्या शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड हा पाया. सोबत मागचे सगळे दस्त, महानगरपालिकेची वेरापावती (मालमत्ता कराची) आणि वीजबिल. वारसाने आलेली मिळकत असेल तर तलाठ्याचा पेढीनामा (वारसांची वंशावळ) लागतो, आणि सगळ्यात जास्त व्यवहार इथेच अडतात. मुलींची नावं पेढीनाम्यात असतात पण दस्तावर त्यांच्या सह्या नसतात. पंधरा वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याला गेलेल्या बहिणीचाही हक्क असतो. तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोड नसेल तर ती कधीही दावा लावू शकते. वारसांत अल्पवयीन मूल असेल तर त्याचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी हवी.

नव्या भागात सात-बारा, आठ-अ, गाव नमुना ६ मधल्या फेरफार नोंदी, बिनखेतीचा (बिगरशेतीचा) हुकूम आणि टीपी स्कीममधला (नगररचना योजनेतला) फायनल प्लॉट नंबर बघावा लागतो. सात-बारावर ‘नवी शरत’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा असेल तर प्रीमियम भरून परवानगी घेतल्याचा हुकूम मागा. तो नसेल तर पुढचं सगळं डळमळीत.

इमारतीसाठी मंजूर नकाशा, बी.यू. परवानगी (इमारत वापरायची परवानगी) आणि फायर एनओसी. मे २०२४ मधल्या राजकोटच्या आगीनंतर गुजरातभर बी.यू. आणि फायर एनओसी नसलेल्या जागांना सील लागली. नकाशात पार्किंग दाखवलेल्या तळघरात दुकान थाटलेलं असेल, तर दस्त कितीही चोख असला तरी धंदा बंद पडू शकतो. वकिलाला मंजूर नकाशा हातात घेऊन जागेवर यायला सांगा. गाळा क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ नकाशाशी जुळवून बघायला अर्धा तास लागतो. बिल्डरकडून नवीन गाळा घेत असाल तर रेरा (बांधकाम प्रकल्पांवरची नियामक यंत्रणा) नोंदणी तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

मकरपुऱ्यासारख्या जीआयडीसीतली (सरकारी औद्योगिक वसाहतीतली) शेड म्हणजे मालकी नव्हे, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. विकणारा देतो तो उरलेल्या मुदतीचा हक्क. त्यासाठी जीआयडीसीची ट्रान्सफर परवानगी आणि थकबाकी नसल्याचा दाखला हवा, आणि ट्रान्सफर फी कोण भरणार हे बानाखतातच लिहून टाका.

मंदिर, मंडळ किंवा इतर सार्वजनिक ट्रस्टचा गाळा असेल तर विश्वस्तांच्या सह्या पुरेशा नाहीत. विक्रीला, आणि इमारतीच्या ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला चॅरिटी कमिशनरची पूर्वमंजुरी लागते. भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचं तोंडी आश्वासन देणारे विश्वस्त चांगले असतीलही, पण मंजुरीशिवाय त्यांच्या शब्दावर फर्निचर करू नका.

अशांत धारा: परवानगी आधी, दस्त नंतर

बडोद्याच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा, म्हणजे ‘अशांत’ जाहीर झालेल्या भागांतल्या मिळकतींच्या व्यवहारांचा कायदा, लागू आहे. तिथे स्थावर मिळकत हस्तांतरित करायला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते, परवानगीशिवायचा व्यवहार कायद्याने रद्दबातल. अधिसूचनेतले भाग बदलत असतात, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता सर्व्हे नंबर चालू अधिसूचनेशी ताडून बघा. अर्जासोबत दोन्ही पक्षांची ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्रं, प्रॉपर्टी कार्ड, मागचा दस्त आणि ठरलेली किंमत द्यावी लागते. विक्रेता राजीखुशीने विकतोय का आणि किंमत वाजवी आहे का, याची चौकशी होते. तिला वेळ लागतो, त्यामुळे बानाखतात मुदत मोजताना ‘परवानगीच्या हुकुमापासून’ असे शब्द घाला. तारीख टाकली की ती परवानगीआधीच उलटते आणि टोकन जप्त करण्याची भाषा सुरू होते. भाडेपट्टा करत असाल तरी हा मुद्दा वकिलाकडून लेखी तपासून घ्या.

सर्चपासून नोंदणीपर्यंत

वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि हरकतींची मुदत संपल्यावर टायटल रिपोर्ट देतो. नोटीस गुजराती दैनिकात द्या, वारस आणि सावकार तेच वाचतात. विक्रेता कंपनी असेल तर तिच्या मालमत्तेवरचा बोजा आणि बोर्डाचा ठराव, दोन्ही बघायचे. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्यावं लागतं. मुदत चुकली की नोंदणीच्या दिवशी तेच अडतं.

स्टॅम्प ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. दस्तातली किंमत आणि जंत्रीची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांतली जास्त ती धरतात. एप्रिल २०२३ मध्ये जंत्री मोठ्या प्रमाणात वाढली, म्हणून जुन्या दस्तावरचा हिशेब उपयोगाचा नाही. समजा गाळा ६० लाखांना ठरला आणि जंत्री ५२ लाख येते. स्टॅम्प २,९४,००० रुपये आणि नोंदणी फी ६०,००० रुपये. फक्त महिलेच्या नावावर खरेदी असेल तर ही नोंदणी फी माफ, पण नवऱ्याचं नाव सोबत घातलं की माफी गेली. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीवर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा, म्हणजे इथे आणखी ६०,००० रुपये विक्रेत्याला न देता सरकारात भरायचे. विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर हा दर २० टक्क्यांवर जातो, म्हणून पॅनची स्थिती चेक देण्याआधी तपासा. विक्रेता परदेशी रहिवासी असेल तर दर आणि पद्धत वेगळी.

गुजरातेत ऑक्टोबर २०१९ पासून कागदी स्टॅम्प पेपर विकत नाहीत, ई-स्टॅम्पच घ्यावा लागतो. त्यावरची नावं ओळखपत्राशी अक्षरशः जुळवा. सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हायला हवा. नंतरचे ४ महिने दंड भरून मिळतात, दंड फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

भाडेकराराचं वेगळं गणित

११ महिन्यांचा करार करून पाच वर्षं धंदा करायचा, ही इथली सर्रास पद्धत. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवल्याशिवाय कायद्यापुढे टिकत नाही. साध्या कागदावर ‘५ वर्षं, ३ वर्षं लॉक-इन’ (त्या काळात करार मोडायचा नाही) लिहून घेतलं तरी नोंदणी नसली की ते भाडं महिन्यागणिक धरलं जातं आणि मालक १५ दिवसांच्या नोटिशीवर जागा मागू शकतो. अलकापुरीत फर्निचर आणि एसीवर वीस लाख घातलेल्या दुकानदारासाठी नोंदणीचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

वकिलाला या गोष्टी मसुद्यात स्पष्ट मांडायला सांगा: लॉक-इन कोणावर बंधनकारक, भाडेवाढ किती आणि कधीपासून, डिपॉझिट जागा सोडल्यावर किती दिवसांत परत, वेरा कोण भरणार, पोटभाड्याला परवानगी आहे का, बी.यू. किंवा फायरमुळे सील लागलं तर त्या काळाचं भाडं माफ का. मालक जीएसटीत नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. मालक जीएसटीत नसला आणि भाडेकरू नोंदणीकृत असला, तर कॉम्पोझिशनवाले (छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या कर योजनेतले) वगळता ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूनेच भरायचा आहे. भाडेकरू असलेला गाळा विकत घेत असाल तर जुना करार, डिपॉझिटची रक्कम आणि ते डिपॉझिट आता कोणाकडे, हे तिघांच्या सहीने लिहून घ्या.

नोंदणीनंतर

इंडेक्स-२ची (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्याची) नक्कल घ्या, प्रॉपर्टी कार्डवर किंवा सात-बारावर नाव चढवण्याचा अर्ज द्या. महसुली नोंदीत १३५-ड ची नोटीस निघते आणि हरकतीचे ३० दिवस गेल्यावर नोंध (फेरफार नोंद) प्रमाणित होते. नोंध ‘नामंजूर’ झाली तर कारण वाचा, बहुधा एखादा कागद कमी असतो. पालिकेचा वेरा आणि वीजजोडणीवरचं नाव वेगवेगळ्या अर्जांनी बदलतं, दस्ताने आपोआप नाही. सर्चसाठी दिलेले मूळ दस्त वकिलाकडून यादीवर सही करून परत घ्या, आणि टायटल रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत दस्तासोबत ठेवा. पुढे कर्ज काढताना बँक हेच मागते.