उसाची ट्रॉली, मागचा कॅमेरा आणि साडेबारा सेंटिमीटरची लाट

निपाणी-संकेश्वर पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की पाणंदींतून ट्रॉल्या मागे घेण्याचा उद्योग रात्री-अपरात्रीही चालतो. मागे बॅटरी धरून उभा असलेला पोरगा अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात ओरडत असतो, ‘येऊ दे, येऊ दे... बरली, बरली... साकु!’ (साकु म्हणजे पुरे.) आरशात भरलेल्या उसाशिवाय काही दिसत नाही, आणि ट्रॉलीच्या मागेच ऊसतोड टोळीतली माणसं, त्यांची लेकरं वावरत असतात. नव्या मोटारींना मागचे सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. ट्रॅक्टर-ट्रॉली त्या नियमात नाही, त्यामुळे वायरलेस कॅमेरा बसवायचा तर तो ज्याचा त्यानं.

खोक्यावर ‘रेंज १०० मीटर’ छापलेलं असतं. ट्रॉली जेमतेम पाच-सहा मीटरची. तरीही ऊस भरला की पडद्यावर चित्र गोठतं, आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. खरं कारण आहे मधला ऊस आणि पत्रा.

हे कॅमेरे बहुतेक करून २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात चालतात. या पट्ट्याला परवाना लागत नाही, म्हणून वायफाय आणि ब्लूटूथचीही इथेच गर्दी असते. या लाटेची लांबी साडेबारा सेंटिमीटर. एफएम रेडिओची लाट तीन मीटरची असते, ती अडथळ्याला वळसा घालून बरीच पुढे जाते. साडेबारा सेंटिमीटरच्या लाटेला ट्रॉलीचा पत्रा ही सरळ भिंतच. पत्र्यातून वाचलेली लाट उसात शिरते, आणि उसाच्या वजनात साधारण ७० टक्के पाणीच असतं. पाणी ही लाट शोषून तिची उष्णता करतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, आणि त्यात अन्न तापतं ते यामुळेच. (पाण्याचे रेणू नेमक्या याच वारंवारतेला ‘झंकारतात’ असं जे सांगितलं जातं, ते खरं नाही. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या वारंवारतांनाही पाणी तापतं.) छापलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते, त्या मैदानात दहा टन ऊस नसतो.

तेव्हा कॅमेरा मागे असला तरी अँटेना पुढे हवी, ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर, जिथून ड्रायव्हरची सीट थेट दिसते. ट्रान्समीटरची डबी वेगळी मिळणारा संच घ्यावा, डबी पुढे बसवावी आणि कॅमेऱ्याची व्हिडिओ वायर चॅसीच्या लोखंडी चॅनेलमधून पुढे आणावी. काही फिटर उलटं करतात. डबी मागेच ठेवतात आणि अँटेनाची वायर लांबवतात. त्या पातळ वायरीत या वारंवारतेची शक्ती ढोबळमानानं दर दीड मीटरला निम्मी होते. सहा मीटर ओढली की सोळावा हिस्सा उरला.

चित्र हवेतून जातं, पण कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागतातच. बहुतेक बिघाड इथे होतात. ट्रॉलीच्या दिव्यांना एकच वायर ओढलेली असते आणि अर्थिंग हुकाच्या पिनवर सोडलेलं असतं. त्या पिनला ग्रीस, गंज, वर धूळ. बल्ब तेवढ्यावरही मिणमिणतो. कॅमेरा मात्र खड्डा आला की बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि तेवढे सेकंद पडदा काळा. अर्थिंगची वेगळी वायर सॉकेटपर्यंत आणली आणि दोन अँपिअरचा फ्यूज टाकला की ही कटकट संपते.

घेताना ॲनालॉग टाळावा, डिजिटलच घ्यावा. ॲनालॉग संच ठरलेल्या दोन-चार चॅनेलांवर चालतात. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग लागली की आपल्या पडद्यावर शेजाऱ्याच्या ट्रॉलीचं चित्र येऊ शकतं, आणि मागे उसाची रांगच असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. डिजिटल संचात कॅमेरा आणि पडदा आधी एकमेकांशी जोडून घेतात, आणि बऱ्याच संचांत दोघं ठरलेल्या क्रमानं चॅनेल बदलत राहतात. ही कल्पना जुनी आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनी १९४२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. शत्रूला टॉर्पेडोचा रेडिओ-संदेश अडवता येऊ नये यासाठी त्यांनी ८८ वारंवारता सुचवल्या होत्या, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्या.

डिजिटलची किंमत उशिरात मोजावी लागते. चित्र दाबून, पाठवून, पुन्हा उलगडायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातो. ताशी ५ किलोमीटर वेगात पाचव्या भागात ट्रॉली २८ सेंटिमीटर सरकते. भिंगही रुंद कोनाचं, त्यामुळे मागचा माणूस असतो त्याहून लांब भासतो.

रात्री पडदा कृष्णधवल होतो. भिंगाभोवतीचे दिवे बहुधा ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतात, जो आपल्याला जवळपास दिसत नाही पण सेन्सरला दिसतो. हिरवं पान लाल प्रकाश गिळतं आणि अवरक्त परतवतं, म्हणून काळोखात हिरवं वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, पडद्यावर चुन्यासारखं पांढरं दिसतं. पाचटाची धूळ उडाली की तीही चमकते आणि तिच्यामागचं सगळं झाकते.

कॅमेरा मागच्या कडेच्या मधोमध, मागच्या फळीखाली थोडा आत बसवावा. बाजूला लावला तर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ट्रॉली रिकामी करतात तिथे, ऊस उचलताना साखळ्या त्याला ओरबाडतात. कंस कुठलाही वेल्डर करून देईल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तर याहून किचकट कामं रोज होतात. पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा मात्र कारखान्यातून आलेल्या तशाच ठेवू नयेत. जमिनीवर खडूनं एक, दोन, तीन मीटरच्या रेघा ओढून त्या जुळवाव्यात, आणि तेही ट्रॉली भरलेली असताना. ओझ्यानं स्प्रिंगचे पाटे आणि टायर दबले की कॅमेरा खाली येतो, आणि रिकाम्या ट्रॉलीवर एक मीटरला जुळवलेली लाल रेष त्याहून जवळची जमीन दाखवू लागते.